‘सेल्युलाइट’ या शब्दाची चिकित्सा

परभाषेतील शब्द मराठीत घ्यावेत की न घ्यावेत, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आहे. एका बाजूस भाषाशुद्धीचा पक्ष, दुसऱ्या बाजूस सोयीचा पक्ष. आणि मराठी माणूस दोघांकडेही फारसे लक्ष न देता आपला व्यवहार चालवीत असतो. या वादात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शब्द येतो तेव्हा त्याच्यासोबत काय येते? ‘टेबल’ या शब्दाबरोबर एक वस्तू आली, ‘इंजेक्शन’ या शब्दाबरोबर एक साधन आले. परंतु काही शब्द असे असतात की ते कोणतीही नवी वस्तू आणीत नाहीत. जे येथे पूर्वीपासून होतेच आणि ज्याकडे कोणी पाहत नव्हते, त्यास ते रोगाचे नाव देतात. ‘सेल्युलाइट’ हा अशा शब्दांपैकी एक होय. हा शब्द, त्याच्याभोवती जमलेली जाहिरातींची मराठी, आणि त्या मराठीत जे सांगितले जात नाही ते, एवढा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. वैद्यकातील जी विधाने पुढे येतील ती प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवर आधारलेली आहेत, आणि शब्दांचा अर्थ लावण्यापुरताच त्यांचा येथे उपयोग केला आहे.

शिरोळ हा कोल्हापूर जिल्ह्यातील कृष्णा-पंचगंगेच्या काठचा, उसाचा तालुका. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय सुरू केल्यापासून या भागातील माणूस मोठ्या दुखण्यासाठी मिरजेची वाट धरीत आला आहे, आणि ‘मिरजेला नेलं’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास दुखण्याचे गांभीर्य कळते. आता त्याच परिसरातील बाजारपेठांत, जयसिंगपूरला काय किंवा सांगलीला काय, केस आणि त्वचा यांच्या चिकित्सालयांचे फलक दिसू लागले आहेत. खेड्यातील मुलीच्या हातातील मोबाइलवर तर हे फलक चोवीस तास उघडे असतात. त्यांवरील मजकूर मराठी असतो, निदान लिपीने तरी. ही मराठी साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येत नाही म्हणून कोणी तिची समीक्षा करीत नाही. वस्तुतः आज सर्वाधिक वाचली जाणारी मराठी तीच आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. स्त्रियांच्या मांड्या, नितंब व क्वचित पोट यांवरील त्वचा थोडी उंचसखल दिसते, तिच्यावर लहान खळगे दिसतात, या अवस्थेस ‘सेल्युलाइट’ म्हणतात. वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के स्त्रियांत ती कमीअधिक प्रमाणात असते, असे त्वचाविज्ञानाच्या ग्रंथांतून सर्रास नमूद केलेले आढळते. तिचे कारण त्वचेखालच्या रचनेत आहे. त्वचा आणि तिच्या खालचे स्नायू यांच्यामध्ये मेदाचा थर असतो व त्या थरातून तंतुमय पडदे गेलेले असतात. पुरुषांत हे पडदे तिरकस, एकमेकांस छेदणारे असतात. स्त्रियांत ते बव्हंशी उभे असतात. गादीला ठिकठिकाणी दोरा ओढून टाके घातले म्हणजे टाक्याच्या जागी कापड आत जाते आणि मधला कापूस वर फुगतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून कृश स्त्रीच्या मांडीवरही हे खळगे असू शकतात, आणि वजन घटल्याने ते जातीलच असे नाही. ते दुखत नाहीत, पसरत नाहीत, त्यांपासून कोणताही रोग उद्भवत नाही. दहांतील आठ-नऊ जणींत जे असते त्यास विकृती म्हणावयाचे तर प्रकृती कोणास म्हणावे, हा प्रश्न तर्काचा आहे, वैद्यकाचा नव्हे.

आता शब्दाकडे येऊ. लॅटिन ‘सेल्युला’ म्हणजे लहान खोली किंवा कप्पा. त्यावरून फ्रेंच शारीरशास्त्रात त्वचेखालच्या विरळ, जाळीदार ऊतकास ‘कप्पेदार ऊतक’ अशा अर्थाचे नाव पडले. येथे ‘सेल’ याचा अर्थ आज आपण ज्यास पेशी म्हणतो तो नव्हे. ‘सेल्युलाइट म्हणजे पेशींमधील चरबी’ असे जे स्पष्टीकरण मराठीत वाचावयास मिळते, ते या अर्थभेदाच्या अज्ञानातून आले आहे. या कप्पेदार ऊतकाच्या दाहास फ्रेंचमध्ये ‘सेल्युलीत’ म्हणू लागले. एमिल लित्रे आणि शार्ल रोबँ यांच्या वैद्यककोशाच्या १८७३ च्या आवृत्तीत हा शब्द आहे. लित्रे म्हणजे फ्रेंच भाषेच्या थोर कोशाचे कर्ते तेच. आमच्या क्षेत्रातील माणूस या कथेच्या आरंभीच भेटतो, ही सुखद गोष्ट आहे. तथापि कोशात शब्दाचा अर्थ दाह असा होता. मांडीवरच्या खळग्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तो संबंध पुढे जुळला. १९२० च्या दशकात काही फ्रेंच वैद्यांनी हा शब्द दाह नसलेल्या, केवळ मेद व पाणी साचल्याने होणाऱ्या अवस्थेस लावण्यास सुरुवात केली, आणि १९३३ मध्ये एका फ्रेंच सौंदर्यविषयक मासिकाने तो वाचक स्त्रियांपुढे मांडला. १९६८ च्या एप्रिलमध्ये ‘व्होग’ या अमेरिकन नियतकालिकाने तो इंग्रजी वाचकांस दिला. १९७३ मध्ये निकोल रोन्सार्ड या न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यप्रसाधनाचा व्यवसाय करणाऱ्या बाईंचे या विषयावरील पुस्तक निघाले व शब्द घरोघर पोहोचला. साधी चरबी वेगळी आणि ही वेगळी, हिच्यात पाणी व शरीरातील टाकाऊ द्रव्ये अडकलेली असतात, असा त्या पुस्तकाचा दावा होता. आजच्या मराठी जाहिरातींतील ‘विषारी द्रव्यांचा निचरा’ हा शब्दप्रयोग त्याच घराण्यातला. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर व म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी ऊतकांची प्रत्यक्ष तपासणी करून वर सांगितलेला पडद्यांच्या दिशेचा भेद दाखविला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकाचा आशयच असा की तथाकथित सेल्युलाइट हा शोधून काढलेला नव्हे, रचलेला रोग आहे. गंमत अशी की हा निबंध आज सेल्युलाइटवरील बहुतेक लेखनात आधार म्हणून दिला जातो, आणि त्याच संशोधकांची श्रेणीपद्धती ‘रोगाची तीव्रता’ मोजण्यास वापरली जाते. शीर्षक मात्र कोणी मनावर घेतले नाही.

येथे प्रत्ययाचा विचार आवश्यक आहे. ग्रीक ‘-आयटिस’ हा मुळात ‘अमक्यासंबंधीची’ एवढ्याच अर्थाचा स्त्रीलिंगी विशेषणप्रत्यय. त्याच्यापुढे ‘व्याधी’ या अर्थाचे स्त्रीलिंगी नाम अध्याहृत असे. ‘सांध्यांची’ म्हणजे सांध्यांची व्याधी. पुढे वैद्यकाने त्याचा अर्थ आकुंचित करून तो दाहापुरता राखला, आणि आपण मराठीत त्यासाठी ‘दाह’ किंवा ‘शोथ’ असे उत्तरपद योजिले. फ्रेंचने हा प्रत्यय आपल्या वळणाने ‘-ईत’ असा केला. त्यामुळे फ्रेंचमध्ये जंतुजन्य दाह आणि मांडीवरचे खळगे या दोहोंस आजही एकच शब्द आहे. फरक संदर्भाने करावा लागतो. इंग्रजीने एकच शब्द दोनदा घेतला. एकदा ग्रीकच्या वळणाने ‘सेल्युलायटिस’, दुसऱ्यांदा फ्रेंचकडून ‘सेल्युलाइट’. भाषाशास्त्रात अशा जोडीस आपण युग्म म्हणतो. तत्सम-तद्भवांच्या आपल्याकडील जोड्यांशी, उदाहरणार्थ ‘भक्त’ आणि ‘भात’, तिचे साम्य आहे. मराठीने इंग्रजीकडून ही जोडी जशीच्या तशी उचलली. फरक इतकाच की ‘भक्त’ आणि ‘भात’ यांत गोंधळ झाल्याने कोणाचा पाय जात नाही.

कारण सेल्युलायटिस हा खराखुरा, आणि वेळेवर न ओळखल्यास जिवावर बेतणारा रोग आहे. कातडीतील भेगेतून वा जखमेतून जंतू आत शिरतात. पाय लाल होतो, सुजतो, तापतो, ठणकतो, अंगात ताप येतो, आणि लाली पसरत जाते. मधुमेह्यास व हत्तीपायाच्या रोग्यास त्याचा धोका अधिक. त्यास प्रतिजैविक औषध लागते व ते लवकर लागते. उसाच्या पाल्याने पोटऱ्या कापून घेत फडात राबणाऱ्या, पावसाळ्यात चिखलातून अनवाणी फिरणाऱ्या आणि २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिलेल्या या तालुक्यात हा रोग पुस्तकी नव्हे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तेथील कातडी फाटते, आणि जंतूंना वाट मिळते. वैद्यकानेही ही वाट मान्य केली आहे.

आणि मराठीत या रोगास नाव होते. लोकभाषेत ‘धावरे’, आयुर्वेदात ‘विसर्प’. दोन्ही शब्द पाहावेत. ‘विसर्प’ यात ‘सृप्’ धातू आहे, सरपटत पसरण्याचा. ‘धावरे’ याचा ‘धावणे’ याच्याशी संबंध उघड दिसतो. दोन भिन्न स्तरांवरील भाषांनी रोगाचे एकच लक्षण नावासाठी निवडले, ते म्हणजे त्याचे पसरणे. आणि तेच लक्षण आजही वैद्य पाहतात, लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ती ओलांडली जाते की नाही हे तपासतात. लोकव्यवहारात ‘धावरे’ याची कक्षा थोडी सैल आहे, इतर काही पसरणाऱ्या पुरळांनाही ते नाव दिले जाते, हे खरे. तरीही जे मारक आहे त्यास मराठीत नाव होते, आणि जे निरुपद्रवी आहे त्यास नव्हते. आज स्थिती उलट होऊ पाहत आहे. ‘धावरे’ हा शब्द शहरातील विद्यार्थ्यांस अपरिचित आहे. ‘सेल्युलाइट’ त्यांस ठाऊक आहे. सुजलेल्या लाल पायाविषयी दवाखान्यात ‘सेल्युलायटिस’ हा शब्द ऐकून घरी आलेली मुलगी मोबाइलवर तो शोधू लागली, आणि शेवटचे अक्षर गळाले, तर तिच्यापुढे मलम, मालीश व लेसर यांच्या जाहिराती उभ्या राहतील. एका अक्षराच्या लोपाने इतका अर्थभेद झाल्याची उदाहरणे आमच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. परंतु ती सर्व निरुपद्रवी आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. गुळगुळीत मांडीचा आदर्श काय परदेशातून आला? संस्कृत कवींनी स्त्रीस ‘रंभोरु’ म्हटले, केळीच्या खांबासारख्या मांड्यांची, ‘करभोरु’ म्हटले. शिरोळ तालुक्यातीलच खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या भिंतींवरील स्त्रीशिल्पे पाहिली तर घडणीचा तोच आदर्श दिसतो. तेव्हा सौंदर्याची सक्ती पाश्चात्त्यांनी आणली, आमच्याकडे सर्व आबादीआबाद होते, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु दोन गोष्टींकडे लक्ष द्यावयास हवे. एक, त्याच काव्यपरंपरेने पोटावरच्या वळ्यांस ‘त्रिवली’ असे नाव देऊन त्यांची सौंदर्यात गणना केली. शरीरावरची प्रत्येक वळी तिला दोष वाटत नव्हती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘रंभोरु’ हे विशेषण जिला लागू पडत नसे ती स्त्री कवीच्या वर्णनातून सुटे. वैद्याच्या यादीत जात नसे. चरकसंहितेत अतिस्थूल व अतिकृश यांचा निंदितांत समावेश आहे, मेदोवृद्धीचा विचार आहे. मांडीवरच्या खळग्यांचा रोग म्हणून विचार नाही. आदर्शापासून दूर असणे आणि रुग्ण असणे या दोन अवस्थांमधील अंतर ज्या शब्दाने मिटविले, तो येथे आमच्या परीक्षणाचा विषय आहे. शिवाय गालावर जो खळगा पडतो त्यास आपण ‘खळी’ म्हणतो व तिचे कौतुक करतो. इंग्रजीतही गालावरचा आणि मांडीवरचा खळगा यांना एकच शब्द आहे. जाहिरातीची मराठी मात्र मांडीवर ‘खळी’ म्हणणार नाही. ‘खळी’ म्हटले की खपच बुडाला.

रोग झाला म्हणजे उपचार आलाच. ‘उपचार’ हा शब्द मराठीत निदान तीन अर्थांनी नांदतो. नृसिंहवाडीस दत्तपादुकांची षोडशोपचार पूजा होते, तेथे उपचार म्हणजे सेवा. रुग्णालयात उपचार म्हणजे चिकित्सा. आणि ‘केवळ उपचार म्हणून’ असे आपण म्हणतो तेव्हा उपचार म्हणजे पोकळ रीत. ‘औपचारिक’ हे विशेषण त्यावरूनच. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस चौथाही अर्थ आठवेल: मुख्यार्थ सोडून केलेला लाक्षणिक प्रयोग. ‘सौंदर्योपचार’ या समासात हे सर्व अर्थ एकाच वेळी काम करतात. गिऱ्हाइकास सेवा मिळाल्याचा आनंद, रुग्णास चिकित्सा मिळाल्याचा विश्वास, आणि संमतिपत्रावर सही घेण्याची रीत. ती सही बहुधा तिसऱ्या अर्थाने उपचार असते. चेहऱ्यास लेप लावणे हे प्रसाधन. त्वचेखाली नळी घालून मेद वितळविणे ही शस्त्रक्रिया. दोहोंस ‘उपचार’ म्हटल्याने दोहोंतील अंतर नाहीसे होते, आणि ज्या धीटपणाने स्त्री लेप लावून घेते त्याच धीटपणाने ती दुसऱ्यास तयार होते. ‘सहा सिटिंग’ ही गणनाही त्याच जातीची. बसणे मोजले जाते, गुण मोजला जात नाही.

‘लेसर’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा बनलेला आहे हे कोणास आठवत नाही. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या दांड्यातून पहिला लेसर निर्माण केला. १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी त्वचेवरील त्याच्या वापराचे मुख्य तत्त्व मांडले: विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट द्रव्य शोषून घेते; तो योग्य तेवढाच वेळ टाकला तर ते द्रव्य तापून नष्ट होते व आजूबाजूचा भाग वाचतो. या तत्त्वावर त्वचेच्या अनेक विकारांत लेसरने मोठे काम केले आहे आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. प्रश्न आहे तो सेल्युलाइटचा. त्वचेच्या वरून टाकलेल्या प्रकाशाने आतील उभे पडदे सुटत नाहीत. म्हणून त्वचेखाली तंतू घालून १४४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने ते तोडण्याची पद्धत निघाली व अशा यंत्रास २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली. या विषयातील यंत्रांना मिळालेल्या परवानग्यांची भाषा वाचण्यासारखी असते. ‘सेल्युलाइट बरे होते’ असे त्या म्हणत नाहीत. अनेकींत ‘दिसण्यात तात्पुरती सुधारणा’ एवढाच दावा मान्य केलेला असतो. ‘दिसण्यात’ आणि ‘तात्पुरती’ ही दोन पदे सातासमुद्रांचा प्रवास करून मराठी फलकावर पोहोचेपर्यंत गळून पडतात, आणि तेथे ‘कायमस्वरूपी’ हे त्यांच्या नेमके विरुद्ध पद येऊन बसते. लेसरच्या बाहेरील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. तंतू विरघळविणाऱ्या एका सुईच्या औषधास त्याच प्रशासनाने जुलै २०२० मध्ये मान्यता दिली. रक्त साकळून पडणारे डाग आणि त्वचेचा दीर्घकाळ बदलणारा रंग यांच्या चिंतेमुळे डिसेंबर २०२२ मध्ये निर्मात्या कंपनीने ते बाजारातून काढून घेत असल्याचे स्वतःच जाहीर केले.

लेसरविषयीच्या मराठी वाक्यांची रचना पाहा. ‘लेसरद्वारे डाग काढले जातात’, ‘चरबी वितळवली जाते’, ‘त्वचा घट्ट केली जाते’ या साच्याची ती असतात. सर्व कर्मणी. करण आहे, कर्म आहे, कर्ता नाही. कर्मणी प्रयोग हा मराठीचा दोष नव्हे, पण येथे तो ज्या कामास लावला आहे ते काम शंकास्पद आहे. यंत्र कोणाच्या हातात असते? त्वचारोगतज्ज्ञाच्या, अन्य वैद्याच्या, की आठवडाभराचे शिक्षण घेतलेल्या सहायकाच्या? प्रकाशाची मात्रा, स्पंदाचा कालावधी, त्वचा थंड ठेवण्याची व्यवस्था, हे सर्व कर्ता ठरवितो; यंत्र नव्हे. ‘कोण?’ हा प्रश्न वाक्यरचनेनेच बुजविला म्हणजे वाचक तो विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या पत्रकांत यंत्र कोणत्या देशाचे हे ठळक अक्षरांत होते; चालविणाऱ्याची पदवी शोधावी लागत होती.

हा कर्ता महत्त्वाचा आहे याचे कारण आपली कातडी. लेसरचा प्रकाश ज्या द्रव्यांत शोषला जातो त्यांत त्वचेस रंग देणारे मेलॅनिन हे एक प्रमुख द्रव्य आहे, विशेषतः दृश्य प्रकाश व त्याच्या लगतच्या तरंगलांब्यांत. गोऱ्या त्वचेत प्रकाश लक्ष्यापर्यंत जातो; सावळ्या त्वचेत वरच्या थरातील मेलॅनिनच त्याचा मोठा भाग घेते, आणि वरचा थर भाजतो. त्वचेचे प्रकार सांगणारी जी श्रेणी जगभर वापरतात ती टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मुळात गोऱ्या लोकांसाठी केली होती. तपकिरी व काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार मागाहून जोडला गेला. भारतीयांपैकी बहुतेक चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडतात. या प्रकारांत भाजल्यानंतर वा दाहानंतर त्या जागी काळसर डाग पडण्याचा संभव अधिक असतो, आणि ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. फोड, व्रण, रंग उडून पडणारे पांढरे चट्टे, डोळ्यांस इजा हे अन्य धोके. त्वचा छेदून आत जाणाऱ्या पद्धतीत जंतुसंसर्गाचा धोका येतो, म्हणजे सेल्युलाइट घालविण्यास गेलेल्या स्त्रीस सेल्युलायटिस होऊ शकतो. युग्मातील दोन शब्द येथे एकाच मांडीवर भेटतात.

हे धोके मराठीत सांगणे कठीण आहे काय? उलट उष्णतेने होणाऱ्या इजेसाठी मराठीइतकी समृद्ध शब्दसंपत्ती फार थोड्या भाषांत असेल. चटका बसतो, पोळते, भाजते, होरपळते, करपते. प्रत्येकाची तीव्रता वेगळी आणि शेतातील अशिक्षित बाईलाही ती अचूक ठाऊक. ‘डाग’ हा शब्द तर येथे विलक्षण समर्पक आहे. त्याचा एक अर्थ कलंक, खूण. दुसरा अर्थ तापलेल्या लोखंडाने दिलेला चटका. जुन्या काळी पोटदुखीवर मुलांना डाग देत, आणि त्याची खूण जन्मभर राही. डाग घालविण्यासाठी डाग घेणे, हे लेसरचे वर्णन मराठीने एका शब्दात करून ठेवले आहे. असे असता संमतिपत्रातील धोक्यांचा परिच्छेद एक तर इंग्रजीत असतो किंवा ‘औष्णिक इजा’, ‘दाहोत्तर अतिवर्णकता’ अशा मराठीत. ही दुसरी मराठी इंग्रजीहून अधिक दुर्बोध आहे, आणि ती घडविण्यात आमच्या परिभाषा-मंडळींचा वाटा नाही असे म्हणवत नाही. ‘येथे कातडी भाजू शकते, भाजलेल्या जागी काळा डाग पडू शकतो, तो वर्षभर राहील किंवा कायमचा राहील’ हे वाक्य लिहिण्यास कोणत्याही परिभाषाकोशाची गरज लागत नाही. गरज लागते ती ते वाचून गिऱ्हाईक उठून जाईल ही भीती सोडण्याची.

कायद्याने या बाबतीत भाषेचा विचार केलेला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस नवे वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणातील निर्णयात सांगितले की संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती रुग्णास मिळालेली असली पाहिजे. न समजणाऱ्या भाषेत दिलेली माहिती पुरेशी कशी म्हणावी? जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत तर स्पष्टच म्हटले आहे की दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत आणि त्याच टंकात त्यावरील खुलासा असावा. प्रत्यक्षात दावा मराठीत व हातभर अक्षरांत, आणि खुलासा इंग्रजीत व मुंगीएवढ्या अक्षरांत, असे फलक सर्रास दिसतात. याउलट १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा रोगांच्या नावांच्या सूचीवर उभा आहे. त्या सूचीत स्थूलता आहे, सेल्युलाइट नाही. असणार तरी कसे, तेव्हा हा शब्द इंग्रजीतही रुळला नव्हता. नावांवर बेतलेला कायदा नव्या नावापुढे लंगडा पडतो.

मग सेल्युलाइटला मराठी प्रतिशब्द काय द्यावा, असे विचारले जाईल. आमचे मत असे की देऊ नये. ‘-दाह’, ‘-शोथ’, ‘-विकार’ असे उत्तरपद जोडून एखादा भारदस्त संस्कृत समास घडविला, तर जे काम फ्रेंच प्रत्ययाने केले तेच आपण स्वहस्ते करू, आणि संस्कृतच्या वजनाने रोग अधिकच पक्का होईल. सांगावयाची वेळ आलीच तर ‘मांडीवरच्या खळ्या’ म्हणावे. ते वर्णन आहे, निदान नव्हे. ज्या स्त्रीस त्या नको वाटतात तिला तसे वाटण्याचा अधिकार आहे, तिची थट्टा करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आपण रुग्ण म्हणून नव्हे तर गिऱ्हाईक म्हणून पैसे देत आहोत, एवढे तिला तिच्या भाषेत कळावे.

सेल्युलायटिसचे मात्र निराळे आहे. तेथे जुना शब्द परत आणण्याजोगा आहे, आणि तो एकटा नाही. चिखल्या, धावरे, आणि पायाच्या जखमेमुळे जांघेत जी गाठ येते तिच्यासाठी ‘अवधाण’, असे हे एक शब्दकुल आहे. बेचक्यातून पोटरीवर आणि पोटरीवरून जांघेत, अशी संसर्गाची वाटचाल त्यात क्रमाने नोंदलेली आढळते. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर या नदीकाठच्या गावांतील वृद्धांकडे या कुलातील आणखी शब्द असतील. मराठी व कन्नड यांच्या सीमेवरील हा भाग असल्याने काही शब्द कन्नड वळणाचेही असतील. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यासाठी हा विषय घ्यावा. शब्द कोणत्या अवयवासाठी, कोणत्या लक्षणासाठी आणि कोणत्या वयाच्या निवेदकाने वापरला याची नोंद ठेवावी, व जमलेली यादी पुराच्या दिवसांत गावोगाव पत्रके वाटणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे पावसाळ्यापूर्वी पोचती करावी.